जोडीदार, स्थळ आणि छातीभर पाणी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
७ जानेवारी २०२४

प्रिय काका,

वाकून नमस्कार, काकीलाही तसाच. खरं तर फोनच करणार होतो. पण "सगळी नोकरी पोस्टात गेली माझी. पुतण्यासुद्धा पत्र टाकत नसंल तर पिशोरची लाल पेटी काढून नेतील," असा तुम्ही दिवाळीत दम दिला होतात. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की वर्षभर एकही रजा घेतली नाही म्हणून वाळूजच्या आमच्या कंपनीनं मला अंदमानची सहल बक्षीस दिली. तिथं मी समुद्राच्या तळाशी जायला शिकलो. याला स्कूबा म्हणतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायात बदकासारखे पंजे. परीक्षा पास झालो, फोटोसकट कार्ड मिळालं. काका, खाली काय शांतता असते! सुपरवायझर नाही, मोबाइल नाही, शेजारच्या बांधकामाचं मशीन नाही. फक्त आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी काही मागत नव्हतं.

आणि परत आलो ते या गावात. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी. परवा सराव म्हणून बादलीत तोंड घालून बसलो, तर घरमालकीणबाई किंचाळल्या, "अहो, ते प्यायचं आहे!"

आता मुद्द्याचं. ही गोष्ट एकट्यानं करायची नसते, तसा नियमच आहे. मला जोडीदार हवा आहे. शांत स्वभावाचा, एकमेकांवर नजर ठेवणारा, वेळ पडली तर आपला श्वास वाटून घेणारा. आणि स्थळही हवं. फार लांबचं नको, शनिवार-रविवारी जाऊन येता आलं पाहिजे. खोल असावं, गढूळ नसावं. तुमच्या ओळखी जिल्हाभर आहेत. नजरेत असेल तर कळवा.

तुमचा,
ऋतुराज


पिशोर, ता. कन्नड
१५ जानेवारी २०२४

चि. ऋतुराज,

तुझं पत्र आलं आणि मी ते पोस्टात उभा राहूनच वाचलं. पहिला भाग कंपनीचा होता, तो भरभर वाचला. दुसऱ्या भागाशी आलो आन् डोळ्यात पाणी आलं. दादा आणि वहिनी गेल्यापासून हा विषय तुझ्यापाशी कसा काढावा, या विचारात आम्ही दोघं होतो. तू स्वतःहून लिहिलंस, लई बरं केलंस.

जोडीदार कसा असावा हे इतक्या नेमक्या शब्दांत लिहिलेलं मी आजवर वाचलेलं नाही. "आपला श्वास वाटून घेणारा." मी तुझ्या काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या वेळी असलं काय नव्हतं."

स्थळ तयार आहे. अजिंठ्याचे बन्सीअण्णा माझे जुने स्नेही. आता ते तुमच्याच शहरात राहतात. त्यांची मुलगी सायली. शिकलेली, नोकरी करणारी. तू खोल म्हणालास ते मी विचारानं खोल असं धरलं. गढूळ नसावं म्हणालास, तर पोरगी मनानं अगदी नितळ आहे, अण्णांनीच सांगितलं. अंतराची अडचणच नाही, तुझ्या घरापासून रिक्षानं जाता येईल. रविवारी सकाळी जा. इस्त्रीचा शर्ट घाल. समुद्राचा विषय काढू नकोस.

काकासाहेब


पुंडलिकनगर
११ फेब्रुवारी २०२४

काका,

तुमचा गैरसमज झाला, आणि तो दुरुस्त करायला मला उशीर झाला. मला पाण्यात उतरायला जोडीदार हवा होता. आणि उतरायला जागा. स्थळ म्हणजे जागा, काका! हे सांगायला मी बन्सीअण्णांच्या दारात पोहोचेपर्यंत पोहे परतून झाले होते.

तुम्ही विषय काढू नको म्हणालात, पण मला दुसरा विषयच सुचेना. मी मुलीला विचारलं, "तुम्हाला पोहता येतं?" अण्णा म्हणाले, "स्वयंपाकाचं विचारा." ती म्हणाली, "राज्य स्पर्धेत पदक आहे. मी पोहायला शिकवते." मग मी गैरसमजाबद्दल काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा क्लास बघायला गेलो. तलाव निळा, फरशा चकचकीत, पाणी नाही. टँकर परवडेना म्हणून मालकानं डिसेंबरातच तो उपसला. पण पालकांनी वर्षाची फी भरलेली, त्यामुळं क्लास चालू! पोरं बाकांवर पालथी पडून हवेत हात मारतात आणि सायली शिट्टी घेऊन मधून फिरते. "कोपर वर! श्वास डावीकडं!" एका आईनं मला अभिमानानं सांगितलं की त्यांच्या मुलाची भीती पार गेली.

तिच्याआधी मी बाकीचे प्रयत्न करून पाहिले होते. "मराठवाडा स्कूबा मित्र" असा मोबाइलवर ग्रुप काढला. दोन दिवसांत शंभरावर माणसं झाली. त्यातल्या निम्म्यांना वाटलं टँकरवाल्यांचा ग्रुप आहे. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी "बोअर लागेल, खात्रीशीर पॉइंट", संध्याकाळी प्लॉटची जाहिरात. पहिल्या बैठकीला तिघं आले. एकाला मला विमा विकायचा होता, दुसऱ्याला पाण्याचा फिल्टर. तिसऱ्यानं "लेक व्ह्यू रेसिडेन्सी" दाखवायला नेलं. मी विचारलं, लेक कुठं आहे? तो म्हणाला, "त्याच्यावरच उभे आहात. फेज टू."

जायकवाडीला विचारलं. ते पक्ष्यांचं अभयारण्य, तिथं उतरता येत नाही. ते बरोबरच आहे. मग एका सकाळी सगळं सामान घेऊन हर्सूलच्या तलावावर गेलो. पाणी पार मधे गेलेलं. मी सूट चढवेपर्यंत काठावर ही गर्दी! एक चाचा पुढं आले.

"कौन डूबा भाई?"

"कोई नई डूबा."

"फिर तुम कायकू डूब रहे?"

तेवढ्यात एक बाई रडायला लागल्या, त्यांचा मुलगा रात्रीपासून घरी नव्हता. तो पानटपरीवर सापडला. मग सगळ्यांनी मला शिव्या दिल्या आणि मी परत आलो.

आता संध्याकाळी सायलीच्या कोरड्या तलावात आम्ही दोघं तळाला मांडी घालून बसतो आणि मी तिला पाण्याखालच्या हाताच्या खुणा शिकवतो. सगळं ठीक. वर चल. थांब. माझ्याजवळ राहा. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. तुम्ही जोडीदार बरोबर शोधलात. आता फक्त पाणी राहिलं. आपल्या विहिरीला किती आहे?

ऋतुराज


पिशोर
२१ फेब्रुवारी २०२४

चि. ऋतुराज,

गैरसमज म्हण, काही म्हण, माणसं भेटल्याशी कारण.

पाण्याची काळजी सोड. तुझं प्रमाणपत्र मी आप्पासाहेबांना दाखवलं. म्हणजे फोटो दाखवला. आप्पासाहेब म्हणजे आपल्या भागाचे पुढारी, तुला ठाऊक आहेत. ते उडालेच. म्हणाले, "पिशोरचा पोरगा समुद्राच्या तळाशी जातो आणि आपण त्याला शहरात सडवतो?" निवडणूक तोंडावर आहे, जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यापुढं काहीतरी नवं पाहिजे होतं. आता सतरा मार्चला आप्पासाहेबांच्या शेततळ्यावर "पिशोर जलक्रीडा महोत्सव". तू आणि सायली पाण्यात उतरणार, तळातून झेंडा घेऊन वर येणार. मंडप ठरला. बॅनरवर तुझा फोटो आहे, माझा पण आहे, जरा बारका.

शेततळं वीस फूट खोल आहे. भरून ठेवतो म्हणाले. दुष्काळ दुष्काळ म्हणत्यात ती शहरातली बोंब आहे. इथं पाणी हाय. तुझी काकी मजेत आहे.

काकासाहेब


पिशोर
१ मार्च

ऋतू,

हे तुझ्या काकाला न सांगता लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात बसंल तेवढं लिहिते. अक्षर लावून घे.

काकानं लिवलं आसंल पाणी हाय. नाय. आपल्या हिरीचा तळ दिवाळीलाच दिसला. हांडा घिऊन मी पार पाझर तलावाच्या झिऱ्यावर जाते, वाटीनं भरते. तुझा काका लोकांम्होरं सांगतो सगळं झ्याक हाय, कारण बॅनरवर बारका फोटो हाय.

सरकारी टँकर गावाला रोज एक यायचा. गेल्या आठवड्यापासून तो वरच्या रस्त्यानं जातो आन् आप्पासाहेबाच्या तळ्यात रिकामा व्हतो. तुला बुडायला. इचारलं तर म्हनं म्होत्सव झाल्यावर बघू.

तू येऊ नको. सायलीला भेटायचं तर शहरात भेट. पोरगी चांगली हाय म्हणं.

तुझी काकी,
आवडाबाई


पुंडलिकनगर
८ मार्च २०२४

काकी,

पत्र वाचून वाईट वाटलं. पण तू एक गोष्ट लक्षात घे. डुबकी मारल्यानं पाणी कमी होत नाही. ते तिथंच राहतं. आम्ही तासाभरात बाहेर येऊ आणि आप्पासाहेब सगळं पाणी गावाला वाटतील, तसं मी त्यांच्याकडून फोनवर कबूल करून घेतलंय. पुण्याहून हवेच्या टाक्या मागवल्या आहेत, त्या परत पाठवता येत नाहीत. उलट मोठे साहेब आले तर गावाची अडचण त्यांच्या कानावर जाईल.

सायलीला तुझं पत्र दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. पण येणार आहे.

ऋतू


पुंडलिकनगर
२० मार्च २०२४

काका,

व्यासपीठावरून तुम्ही वरचं सगळं पाहिलंत. खाली काय झालं ते सांगतो, कारण त्या दिवशी तुमच्याशी एक शब्द न बोलता मी टाक्या मोटारसायकलला बांधून निघून आलो.

वीस फूट म्हणाला होतात, पाणी छातीपर्यंत होतं. बुडायचं तर खाली बसावं लागत होतं. आम्ही बसलो. तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ, आणि गाळ असा की हाताचा पंजा दिसेना. झेंडा कुठं रोवलाय ते कळेना. चाचपडत होतो, एवढ्यात डोक्यावर दणका बसला. बादली होती. ती तिरकी झाली, भरली आणि वर गेली. मग दुसरी आली. मग घागर, हंडा, तेलाचा डबा, दुधाची किटली. वरून नुसता भांड्यांचा पाऊस! प्रत्येक भांडं बुडबुडे सोडत भरायचं आणि वर ओढलं जायचं. पाण्यातून माइकचा आवाज घुमत येत होता, "आपल्या भागात पाण्याची कमतरता नाही!"

सायलीनं माझा हात धरला आणि खूण केली, वर चल. मी खूण केली, थांब. तिनं पुन्हा केली. मी पुन्हा थांब. ती एकटीच उठून गेली. जोडीदाराला सोडून कधी जायचं नसतं, पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण त्या दिवशी कोणी कोणाला सोडलं ते मला कळत होतं.

मी बसून राहिलो. टाकीत हवा भरपूर होती. मला वाटलं, हे संपेल, सगळे जातील, मग उठू. कोणीतरी मोटर लावून ट्रॅक्टरची टाकी भरत असावं, तिची घरघर ऐकू येत होती. पाणी उतरत होतं ते मला आधी कळलंच नाही. एकदम डोक्याला ऊन लागलं. मग कानाला वारा. मग काचेतून स्वच्छ दिसलं, समोर सगळं गाव उभं आणि मी मधे मांडी घालून, तोंडात नळी धरून बसलेलो. पायात पंजे तसेच ठेवून सायली चिखलातून हंडे वर देत होती. काकी काठावरून म्हणाली, "ऋतू, बसला काय? हांडा धर."

मी नळी काढली आणि हंडा धरला. पाणी संपेपर्यंत भांडी वर देत राहिलो. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बायका नुसतं "हं, घे" म्हणत होत्या, जणू मी रोज तिथंच असतो.

काकीचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. तरी आलो.

सायलीनं तेव्हापासून फोन उचललेला नाही.

ऋतुराज


पिशोर
२ एप्रिल २०२४

चि. ऋतुराज,

आता वरचं ऐक.

बायका शिवारातून आल्या, चहूबाजूंनी. म्होरं तुझी काकी. पहिली बादली तिनंच टाकली. आप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण मोठ्या साहेबांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "महिलांचा सहभाग उत्तम!" मग सगळ्या व्यासपीठानं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. वाजवता वाजवता बघतो तर तुझी काकी दोन हांडे घेऊन घसरली, गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा निघाली. सायलीनं तिच्या हातातला एक घेतला. तेव्हा मी खाली उतरलो. सत्काराची शाल कमरेला बांधली आन् रांगेत लागलो. घरी काकी एवढंच म्हणाली, "शाल धुवायला टाका."

दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं माहीत आहे? "आप्पासाहेबांनी शेततळं गावाला खुलं केलं." मोठा फोटो. आप्पासाहेब खूश. पण तुझ्या काकीनं तो पेपर कापून घेतला. रोज सकाळी बायका ते कात्रण घेऊन तळ्यावर जातात आणि रखवालदार कडूबाला दाखवतात. "खुलं केलंय म्हणं. हे बघ, साहेबाचा फोटो." कडूबा आत जाऊन विचारून येतो. निवडणूक व्हायची आहे, नाही कसं म्हणणार? आप्पासाहेबांना बाहेर येऊन हसावं लागतं. तळं भरायला ते आता स्वतःचा टँकर लावतात, आणि सरकारी टँकर मुकाट चौकात येतो. आमच्या गल्लीला दोन्हीकडून पाणी. शेजारच्या गावानं विचारलंय, तुमचा पुतण्या आमच्या तळ्यात बुडंल का?

बन्सीअण्णांचा फोन आला होता. म्हणाले, "मुलगा खाली बसून राहिला आणि माझ्या पोरीनं हांडे उचलले. नको हे स्थळ." मी मान्य केलं. काय बोलणार? पण मागून सायलीनं फोन घेतला. म्हणाली, "काका, चिखलात माणूस कसा वागतो ते पाहिलं. आता खऱ्या पाण्यात कसा वागतो ते बघून सांगते." मे महिन्यात ती मालवणला स्कूबा शिकायला जाणार आहे. तुला यायचं असेल तर ये म्हणाली. अण्णांनी अट घातली की सोबत घरचं मोठं माणूस पाहिजे.

मी निघालो होतो. पण टँकर येतो तेव्हा घरी पिंप भरायला कुणीतरी लागतंच. तुझी काकी म्हणाली, "तुम्ही भरा. मी जाते."

काकासाहेब


मालवण
१२ मे २०२४

काका,

तुम्हाला तीन बातम्या देतो.

पहिली. सायली पास झाली. परीक्षेआधी मी तिच्यासोबत तीनदा खाली गेलो. शेवटच्या वेळी माझ्या काचेत पाणी शिरलं आणि मी घाबरून वर निघालो. तिनं पट्टा धरून मला थांबवलं, खूण केली, माझ्याजवळ राहा. राहिलो. वर आल्यावर ती म्हणाली, "ऐकता तुम्ही. उशिरा ऐकता, पण ऐकता. अण्णांना मी सांगेन." याचा अर्थ मी लावलाय तोच आहे का, ते तुम्ही त्यांना विचारून कळवा. या वेळी मला गैरसमज नको आहे.

दुसरी बातमी काकीची. पहिल्या दिवशी तिनं समुद्र पाहिला आणि म्हणाली, "येवढं समदं पाणी येका जागी? आन् रांग नाय?" मग वाकून ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकून दिलं. "आप्पासाहेबावानी हाय. दिसायला ढीग, घोटभर कामाचं नाय." तिथला होडीवाला अजून हसतोय.

तिसरी. काल सकाळी तिनं मला विचारलं, "खाली काय असतं रं?"

मी म्हणालो, "मासे असतात. आणि शांत असतं."

"कुणी हाक मारत नाय?"

"नाही."

"मग मला पण ने."

इथं पोहता न येणाऱ्यांनाही नेतात, शिकवणारा माणूस पूर्ण वेळ धरून असतो. तरी मी नको म्हणत होतो. सायली म्हणाली, "त्यांनी तुम्हाला विचारलेलं नाही, सांगितलंय." लुगडं सोडून काकीनं तो काळा रबराचा सूट घातला. होडीतल्या एका मुंबईच्या बाई बघायला लागल्या तर त्यांना म्हणाली, "काय बगता? तुमचाबी तसाच हाय." नळी तोंडात धरायला दोनदा चुकली, खोकली, तिसऱ्यांदा जमलं. शिकवणाऱ्यानं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूला मी, मागं सायली. आम्ही हळूहळू खाली गेलो. फार खोल नाही, दोन पुरुष.

काका, मला वाटलं होतं ती घाबरेल. ती नुसती तरंगत राहिली. हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. मी काकीचे हात रिकामे असे कधी पाहिले नव्हते. पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या बोटांजवळून जात होते, ती त्यांना धरायलाही जात नव्हती. शिकवणाऱ्यानं वर चलायची खूण केली तेव्हा तिनं मान हलवून नाही म्हटलं. त्यानं मला विचारलं, मी सायलीकडं पाहिलं, आणि आम्ही अजून थोडा वेळ थांबलो.

वर आल्यावर ती होडीत एका कडेला बसली. केस निथळत होते. मी विचारलं, कसं वाटलं? तिनं केस पिळले. होडी किनाऱ्याला लागायला आली तेव्हा ती सायलीला म्हणाली,

"येवढा येळ पाण्यात व्हते पोरी, आन् कुणी म्हनलं नाय, पाणी आण."

ऋतुराज